बारा सेकंदांचं अंतर: बेळगाव–बाची रस्त्यावरच्या एका बसथांब्याचं प्रकरण

रायचूरहून येणारा राज्यमार्ग २० बेळगाव शहर ओलांडून हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा करत बाचीला कर्नाटकाची हद्द गाठतो. पुढे लगेच शिनोळी, म्हणजे महाराष्ट्रातला चंदगड तालुका. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीचे कामगार, आंबोली-सावंतवाडीकडच्या मोटारी, खडीचे टिपर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळे याच रस्त्याने धावतात. इथे मांडलेलं प्रकरण या टप्प्यातल्या दोनपदरी रस्त्यावरच्या एका बसथांब्याचं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, कारण हीच मांडणी जांबोटी रस्त्याला आणि खानापूरच्या बाजूलाही सापडते. हे प्रकरण नमुना म्हणून वाचावं आणि आकडे आपल्या गावात मोजून बदलून घ्यावेत.

गाव रस्त्याच्या दक्षिणेला. बेळगावला जाणारी बस उत्तरेच्या कडेला थांबते. वडाचा पार, चहाचं दुकान, दूध डेअरी, नळ सगळं गावाच्या बाजूला. उत्तरेला उघडं गटार आणि शेताचा बांध; ना सावली, ना टेकायला जागा. त्यामुळे पेन्शन काढायला, बिम्स या बेळगावच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीला किंवा बाजाराला निघालेली म्हातारी माणसं पारावर बसून वाट बघतात आणि बाचीकडून बस दिसली की उठतात. गुडघ्यावर हात ठेवून उठणं, पिशवी उचलणं, पदर खोचणं आणि मग लगबगीने रस्ता ओलांडणं, हे सगळं बस थांब्यावर पोचायच्या आत उरकायचं असतं.

गावात चर्चा होते ती ‘स्पीडब्रेकर पाहिजे’ याची. ती रास्त आहे, पण त्याआधीचा प्रश्न कोणी विचारत नाही: सत्तरीच्या माणसाला धावत रस्ता का ओलांडावा लागतो? एक कारण वर सांगितलं, सावली एका बाजूला आणि बस दुसऱ्या बाजूला. दुसरं कारण पाटीचं. बसची पाटी कन्नडमध्ये असते. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला ती वाचता येत नाही, आणि मोतीबिंदू असेल तर आकडाही दिसत नाही. बस आपलीच का, हे कळायला दारापर्यंत जाऊन कंडक्टरला विचारावं लागतं, म्हणजे आधी रस्ता ओलांडावा लागतो. आणि ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. योजना चांगली आहे, म्हाताऱ्या बायका हक्काने घराबाहेर पडू लागल्या. पण बस भरून येते, थोडाच वेळ थांबते, आणि चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नसतो. मग घाई आणखी वाढते.

मोजणी

कुठल्याही खात्याकडे अर्ज करण्याआधी अर्धा दिवस मोजणीला द्यावा. दोन माणसं, एक टेप, चुन्याची फकी आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढं पुरतं.

डांबराची रुंदी ७ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०३ मध्ये, चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने सहा सेकंदांत रस्ता पार. काठी टेकत चालणारं माणूस मात्र सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालतं, म्हणजे पावणेनऊ सेकंद. त्यात दोन्हीकडे बघून ‘जाऊ की नको’ ठरवण्याचे तीन सेकंद मिळवा. झाले बारा. ६० किलोमीटर वेगाची गाडी बारा सेकंदांत २०० मीटर येते, ४० च्या वेगाची १३३ मीटर, ३० ची १०० मीटर. याचा अर्थ सरळ आहे: गाड्या साठने धावत असतील तर आज्जीला दोन्ही बाजूंना २०० मीटर मोकळं दिसलं पाहिजे. पश्चिमेला वळण आणि कडेला उभा टिपर असेल तर ते दिसत नाही. ड्रायव्हरच्या बाजूने बघितलं तर थांबायला ६० च्या वेगाला ८० मीटर आणि ४० च्या वेगाला ४५ मीटर लागतात. रस्ते आखताना हेच आकडे धरतात.

गाड्यांचा खरा वेग काढायला रस्त्याकडेला ५० मीटरवर चुन्याच्या दोन खुणा करायच्या. हे अंतर ३ सेकंदांत कापलं तर ताशी ६० किलोमीटर, साडेचार सेकंदांत ४०, सहा सेकंदांत ३०. मोकळ्या चाललेल्या १०० गाड्यांची वेळ टिपून हळूपासून वेगवान असा क्रम लावला की ८५ वी गाडी जो वेग दाखवते तो नोंदवायचा. अभियंते हाच आकडा मागतात. मोजणारे रस्त्यावर पट्ट्याचं जाकीट घालून उभे राहिले की गाड्या हळू होतात आणि मोजणी खोटी ठरते. दुकानाच्या पायरीवर बसून मोजावं. बाजाराचा एक दिवस, साधा एक दिवस आणि पहाटेची एक वेळ असं तीनदा.

पहाटेची वेळ मुद्दाम. कार्तिकात काकड आरतीला म्हातारी माणसं अंधारातच घर सोडतात. धोतर-टोपीतले आजोबा थोडे तरी उठून दिसतात. काळपट इरकल नेसलेल्या आज्जी समोरच्या गाडीच्या उजेडात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.

कोणाच्या नावावर काय

रस्ता राज्यमार्ग असल्याने तो पीडब्ल्यूडीच्या उपविभागाचा. गटार आणि दिव्याचं वीजबिल ग्रामपंचायतीचं, वीजजोडणी हेस्कॉम या वीज कंपनीची. बस वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची. वेगमर्यादेची अंमलबजावणी पोलिसांची. ट्रॉल्या साखर कारखान्याच्या ठेकेदारांच्या. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन चौकशी करणारी आशाताई आरोग्य खात्याची. एका बसथांब्यावर सात घरची कामं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे भागीदारीचा अर्थ एकच: एका कागदावर प्रत्येक कामापुढे एक पद, एक तारीख आणि ते काम झालं का हे बघणारा गावातला एक माणूस. युवक मंडळ, महिलांचा बचतगट आणि ज्येष्ठांमधले दोघे अशी पाच-सात जणांची समिती पुरे. वीस जणांच्या समितीत काम कोणाचंच नसतं.

अर्जाचा क्रम महत्त्वाचा. आधी वॉर्डसभा, मग ग्रामसभेचा ठराव, पीडीओंच्या म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या सहीने. सोबत किलोमीटरच्या दगडापासून मीटरमध्ये मोजलेलं थांब्याचं अंतर, वेगाच्या नोंदी, सकाळी सात ते दहा या वेळचे फोटो आणि जुन्या अपघातांचे गुन्हा क्रमांक असतील तर तेही. अर्ज कन्नडमध्ये द्यावा, मराठी प्रत जोडावी. भाषेच्या वादात थांब्याचा कागद अडकू देऊ नये. आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्यावी. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. तिथे ‘अपघात होतात, उपाय करा’ एवढंच लिहिलेला अर्ज चौकशीला जातो आणि तिथेच राहतो. अंतर, वेग आणि नकाशा असलेला अर्ज थेट अभियंत्याकडे जातो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर त्यात जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख एका ओळीत असावा, धमकीच्या सुरात नको.

बांधकाम: आधी सावली, मग पट्टे

सगळ्यात आधी उत्तरेच्या बाजूला बसायची सोय. हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय, आणि नेमका तोच शेवटी आठवतो. निधीतून मिळणारी शेड गावाच्या बाजूला बांधायचा आग्रह होतो, कारण तिथे ती सगळ्यांना दिसते. ती उत्तरेलाच हवी. बाकाची उंची ४५ सेंटिमीटर, दोन्ही टोकांना आणि मध्ये हाताला धरायला पाइप. पाइपाशिवाय गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. पश्चिमेची भिंत उघडी, म्हणजे बसल्या जागेवरून बस दिसते. गटारावर पक्की फरशी, काठीचं टोक अडकेल अशी फट न ठेवता. सावली पलीकडे गेली की माणसं पंधरा मिनिटं आधी, रस्ता मोकळा बघून, सावकाश ओलांडतात.

शेडमध्ये मोठ्या अक्षरांत बसचं वेळापत्रक, मराठी आणि कन्नड दोन्हीत, आकडे तीन बोटं उंच. डेपोकडून वेळ बदलली की त्याच दिवशी बदलायचं, हे काम बचतगटातल्या एका ताईच्या नावावर. जुनं वेळापत्रक लटकत राहिलं तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडतात आणि पुन्हा पारावर जाऊन बसतात.

मग थांब्याची जागा. बस झेब्रा, म्हणजे पायी रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे, मागे टाकून पुढे थांबली पाहिजे, झेब्र्यापासून किमान एका बसच्या लांबीइतकी, म्हणजे १२ मीटरच्या पुढे. उतरलेला माणूस बसच्या मागून ओलांडतो आणि येणाऱ्या गाडीला दिसतो. झेब्र्याच्या अलीकडे बस थांबली तर माणूस बसच्या पुढून निघतो आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्या मोटरसायकलसमोर येतो. येणारी आणि जाणारी अशा दोन्ही बसच्या पाठी झेब्र्याकडे असाव्यात, असं साधं सूत्र. डेपोला पत्र देऊन भागत नाही. नवा ड्रायव्हर जुन्याच जागी थांबतो. थांब्याची पाटी आणि रस्त्यावरची पिवळी खूण दोन्ही हलवावी लागतात.

झेब्र्याचे पट्टे अर्धा मीटर रुंद, मध्ये अर्धा मीटर मोकळं, लांबी ४ मीटर. ७ मीटरच्या रस्त्याला सात पट्टे, म्हणजे १४ चौरस मीटर रंग. तो गरम थर्मोप्लास्टिकचा, अडीच मिलिमीटर जाडीचा आणि वर काचेचे बारीक मणी टाकलेला हवा. युवक मंडळाने हौसेने डब्यातला ऑइलपेंट मारला तर तो पहिल्या पावसाळ्यात धुऊन जातो आणि जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर मोटरसायकली घसरवतो. या भागात पाऊस जोरात असतो, त्यामुळे रंगाचं काम पावसाळा सरल्यावर, रस्ता कोरडा असताना.

डांबराची कड हा दुर्लक्षित भाग. थरावर थर टाकून डांबर वर येतं आणि बाजूची पट्टी खाली राहते. १० सेंटिमीटरची पायरी तयार होते. म्हातारं माणूस तिथेच अडखळतं, आणि पडतं ते रस्त्याच्या बाजूला. मुरूम टाकला तर जुलैपर्यंत वाहून जातो. झेब्र्याच्या दोन्ही टोकांना ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड काँक्रीट टाकावं, एकास बाराच्या उतारात. १० सेंटिमीटरला १.२ मीटर उतार लागतो, तो दीड मीटरमध्ये बसतो. एका बाजूला ०.९ घनमीटर काँक्रीट, दोन्ही मिळून पावणेदोन-दोन. पृष्ठभाग झाडूने ओढलेला खरबरीत, घोटून गुळगुळीत केलेला नको.

दिवा झेब्र्याच्या बरोबर डोक्यावर नको. येणाऱ्या गाडीच्या बाजूला काही मीटर अलीकडे असेल तर माणूस समोरून उजळतो. डोक्यावर किंवा मागे असेल तर ड्रायव्हरला काळी सावली दिसते. म्हणजे दोन दिशांसाठी दोन दिवे. सौर दिवे बसवताना बॅटरी कोण बदलणार हे आधी लिहून घ्यावं. पावसाळ्यात इथे सलग ढग असतात आणि नेमके तेव्हाच ते मंद पडतात.

आता स्पीडब्रेकर. रातोरात मुरूम-विटांचा ढिगारा टाकण्याचा प्रकार सीमाभागात सर्रास होतो, बहुतेक वेळा अपघातानंतरच्या संतापात. तो संताप समजण्यासारखा आहे. पण बिनरंगाच्या, उभ्या कडेच्या ढिगाऱ्यावर पहिलं पडतं ते मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसलेलं म्हातारं माणूस. आयआरसी ९९ मधला गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून गाडी साधारण २५ च्या वेगाने जाते. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक आणि उंचवट्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत. राज्यमार्गावर हा निर्णय पीडब्ल्यूडीचाच. ते नाही म्हणाले तर गावाच्या दोन्ही तोंडांना आडव्या जाड पट्ट्या आणि वेगमर्यादेचा फलक मागावा. ती मर्यादा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली अधिसूचित असल्याची खात्री करावी. नुसत्या रंगवलेल्या पत्र्यावर पोलिसांना कारवाई करता येत नाही.

ऊस आणि सुगी

नोव्हेंबर ते मार्च हे महिने वेगळे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लांबून एकच वाटतो. पहिली ट्रॉली गेली की आज्जी पाऊल टाकतात, आणि मधल्या कडीला दुसरी ट्रॉली असते. अंधारात मागचा दिवा नसतो, उसाच्या मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या असतात. इथे कारखान्याला भागीदार केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्याची जागा म्हणजे कारखान्याचा काटा. ट्रॉली वजनाला थांबतेच. तिथेच मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावायची. मागची पट्टी मोळ्यांखाली झाकली जाते, म्हणून ती फाळक्यावर न लावता खालच्या चासीच्या पट्टीवर लावावी. चिखलाने माखली की चमकत नाही. काट्यावरच्या माणसाने फडक्याने पुसायची, हे करारात लिहिलेलं असावं. मोळ्या बाहेर आलेल्या ट्रॉलीची नोंद ठेकेदाराच्या नावावर व्हावी.

सुगीत भात मळायला आणि पिंजर वाळवायला रस्त्याची एक बाजू अडते. सात मीटरचा रस्ता साडेतीनचा होतो, दोन्ही दिशांची वाहनं एकाच पदरातून जातात आणि पायी माणसाला कडच उरत नाही. खळं करायला जागा नाही ही शेतकऱ्याची खरी अडचण आहे, तेव्हा नुसती बंदी घालून उपयोग नाही. ग्रामपंचायतीने शाळेचं मैदान किंवा गायरानातला सपाट तुकडा त्या चार आठवड्यांसाठी द्यावा. निदान थांब्याच्या दोन्ही बाजूंना १०० मीटर तरी रस्ता मोकळा ठेवावा.

एकटी राहणारी माणसं

मुलं पुण्याला, गोव्याला, बेंगळुरूला; घरात दोघंच किंवा एकटी आज्जी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी असं आहे. ठाण्यावर यादी तयार होईपर्यंत थांबू नये, आशाताई आणि बचतगटाने गल्लीवार यादी करून बीटच्या पोलिसाच्या हाती द्यावी. यादीत नाव-गल्लीबरोबर चार गोष्टी हव्यात: ऐकू येतं का, दिसतं का, काठी लागते का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. चौथी सगळ्यात महत्त्वाची. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर बाहेर जखम नसली, माणूस बोलत असलं, तरी आत रक्तस्राव सावकाश वाढू शकतो. घरी नेऊन हळद लावून झोपवू नये, त्याच वेळी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. पडल्यावर उठता येत नसेल आणि पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसत असेल तर खुबा मोडल्याचं धरावं, ओढून उभं करू नये.

प्रत्येकाच्या पिशवीत एक कार्ड: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. नाव, गाव, मुलाचा फोन, गोळ्या, रक्तगट. कन्नड बाजू कंडक्टर, पोलीस आणि नर्ससाठी. ‘मला बेळगाव बसस्थानकाला जायचं आहे’ ही ओळही त्यावर असावी. काठीला वरून एक हात सोडून परावर्तक पट्टीचे दोन वेढे.

फोनची एक गोष्ट सीमेवरच्यांनी पाठ करून ठेवावी. बाचीच्या आसपास मोबाईल कधी महाराष्ट्रातला टॉवर पकडतो, आणि १०८ चा फोन तिकडच्या नियंत्रण कक्षाला लागतो. म्हणून पहिलं वाक्य जखमेचं नको, जागेचं: ‘कर्नाटक, बेळगाव तालुका, बाची रस्ता, अमुक गावाचा थांबा.’ जवळच्या खासगी गाडीवाल्यांचे तीन नंबर शेडमध्ये रंगवून ठेवावेत. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. आपल्या मार्गावरचं नेमलेलं रुग्णालय कोणतं, हे आधीच विचारून कार्डावर लिहावं. वाहन न थांबता पळालं तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार भरपाई आहे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि बहुतेक घरं तो करतच नाहीत.

कुठे बिघडतं

सकाळी सात ते दहा थांब्यावर दोन स्वयंसेवक ठेवण्याची कल्पना उत्साहात सुरू होते आणि परीक्षा किंवा पेरणी आली की मोडते. रोज न ठेवता बाजाराचा दिवस आणि पेन्शनचा आठवडा एवढंच धरलं तर टिकते. त्यांनी गाड्या अडवू नयेत, तो अधिकार पोलीस-होमगार्डचा. त्यांचं काम आज्जीच्या रस्त्याकडच्या अंगाला राहून तिच्या चालीने चालणं: ‘आज्जी, वाईच थांबा, मागं दुसरी ट्रॉली हाय.’ हाताला धरून ओढू नये, आपला दंड धरायला द्यावा.

दुसरा बिघाड पहिल्या नव्या डांबरीकरणाला होतो. थर पडला की झेब्रा गाडला जातो आणि कडेला पुन्हा पायरी होते. निविदेतच पट्टे आणि कडेचं काँक्रीट परत करण्याची बाब आहे का, हे काम सुरू व्हायच्या आधी उपविभागात जाऊन बघावं लागतं.

फरक पडला का, हे अपघातांच्या संख्येवरून एका गावात कळत नाही; संख्या लहान असते. सहा महिन्यांनी त्याच दोन खुणांवर वेग पुन्हा मोजावा. आणि एका सकाळी, बस येण्याच्या वेळी, किती म्हातारी माणसं बस दिसल्यावर रस्त्यात उतरली आणि किती आधीच पलीकडे बसली होती, हे मोजावं. शेड बांधूनही माणसं पारावरच दिसली तर बाकावर दुपारपर्यंत ऊन येतं का, गटाराची फरशी फुटली आहे का आणि वेळापत्रक कोणत्या तारखेचं आहे, हे त्याच दिवशी बघून घ्यावं.